कुंपणाची नोंद

शी! त्या साहेबाचं नाव काढलं तरी माझं तोंड कडू होतं. आणि आमचे हे? त्यांचंही सांगते.

बावीस वर्षं हे माळावरचे अँटेना सांभाळत होते. आकाशातून एखादा जबरदस्त कण येऊन हवेवर आदळतो, त्याचे कोट्यवधी कण होऊन खाली सडा पडतो आणि त्यातून रेडिओचा एक झटका निघतो. तो पकडायचा. यांचं काम म्हणजे अँटेनातल्या मुंग्या झाडायच्या, गाईंनी चावलेल्या केबली बदलायच्या आणि दिसेल ते नोंदवहीत लिहायचं. घरी भाजी आणायला विसरतील, पण वहीत एक नोंद चुकायची नाही.

गेल्या वर्षी एकाच आठवड्यात चाळीस झटके आले. यांचे वरचे शास्त्रज्ञ साहेब हुरळले. खरा सडा पडला की जमिनीवर कण टिपायला ठेवलेल्या पेट्यांतही ते सापडतात. या चाळीसही वेळा पेट्या ढिम्म. "पेट्या जुन्या झाल्यात," साहेब म्हणाले. हे पायपीट करत हिंडले, तर शेजारच्या गोठेवाल्याच्या विजेच्या कुंपणाची तार ओल्या गवताला टेकून ठिणग्या उडवत होती. यांनी लिहिलं, दाखवलं. साहेबांनी न वाचताच सही ठोकली आणि वर ऐकवलं, "तुम्ही नट आवळा, आकाश मी बघतो."

मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! परिषद, टाळ्या, फोटो. चार महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी दिशा मोजली. सगळे झटके गोठ्याकडून! चौकशी बसली तशी साहेबांनी हात झटकले, "तंत्रज्ञाने कुंपणाचं लपवून ठेवलं."

बावीस वर्षांचं नाव मातीत जायची वेळ आली. मी म्हटलं, "अहो, वही आपटा त्यांच्या टेबलावर! एका पानाचं तर काम." हे मान डोलावून वही घेऊन गेले.

संध्याकाळी परतले. वही उघडून बघते तर ते पानच नाही.

"कुणी फाडलं?"

"मी."

"त्यांनी सांगितलं म्हणून?"

"नाही गं. त्यांना तर सही केल्याचं आठवतही नव्हतं. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, चारचौघांत तोंडघशी कशाला पाडायचा?"

आता हे घरी बसलेत. कुणी विचारलं, "खरंच लपवलंत का हो?" तर नुसतं हसतात. साहेबाची मला चीड येते. पण ते हसू बघितलं की ओकारी येते.