घासलेली नळी

खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून लवॉन क्रेब्सला तिची जुनी लाकडी दस्त्याची रायफल पेलेना. म्हणून तिने काळी घेतली. दिसायला थेट सैनिकाच्या हातातली, पण आत गोळी मात्र खारी-ससे मारायची, छोटीशी, पॉइंट टू-टूची. वजनाला हलकी, आणि दस्ता मागेपुढे सरकवून हाताला हवा तेवढा करता येतो.

आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ भागात हिवाळाभर गुरुवारी गावागावांचे नेमबाजीचे सामने चालतात. लवॉन सत्तरीची. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. नवरा गेल्यावर गावचा हा नेमबाजीचा संघ सोडला तर घराबाहेर पडायला तिला कारणच उरलं नव्हतं. कप्तान तिचा दीर, ऑर्विल. त्याने तोंडावर सांगितलं होतं, "आज जमलं तर राहा. नाहीतर पुढच्या वेळेपासून तुझ्या जागी डेलची मुलगी खेळेल."

काळी रायफल बघून तो म्हणाला, "काय गं, कुणावर स्वारी?"

"तुझ्या स्वयंपाकघरावर. तिथल्या घाणीला हीच पाहिजे."

सगळे हसले. पण सामन्याआधीच्या सरावाची पहिली गोळी उजवीकडे गेली, दुसरी खाली, तिसरी कागदाच्या कडेला.

"प्लास्टिकचं खेळणं ते," मागून कुणीतरी बोललं.

"रायफलीवरच्या दुर्बिणीची कळ फिरव, नेम सरकेल!" ऑर्विल ओरडला.

लवॉनचा हात कळीपर्यंत गेला आणि थांबला. परवापर्यंत हीच रायफल एका भोकात गोळ्या घालत होती. मग बिघडलं काय? या जातीच्या रायफलीत काजळी आतल्या आत उडते, म्हणून खटक्याचा भाग पुसावाच लागतो. काल तिने तो पुसला. पण मग हात थांबेना. भांडी लख्ख करायची जुनी सवय. नळीतही ब्रश घातला आणि चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत घासत बसली.

"ऑर्विल, बिडाचा तवा साबणाने घासला तर काय होतं?"

"अंडं चिकटतं. पण हे आत्ता कशाला?"

"मी नळी घासली रे."

ऑर्विलने कपाळाला हात लावला. या गोळ्यांवर मेण असतं. त्याचा थर नळीत बसला की गोळ्या सरळ जातात. तो थरच तिने काढून टाकला होता.

"मग कळ तरी फिरव! वेळ संपत आलीय."

"तवा बिघडला म्हणून कुणी चूल हलवतं का?"

कळीला हात न लावता तिने सरावाच्या उरलेल्या सगळ्या गोळ्या एकाच ठिपक्यावर सोडल्या. नळीत मेण पुन्हा बसत गेलं, तशी भोकं हळूहळू जवळ सरकत गेली. शेवटची दोन एकमेकांना चिकटली, तेव्हा कुठे तिने सामन्याच्या गोळ्या भरल्या.

सामना संपल्यावर ऑर्विलने तिचा कागद दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. संघात तिचा नंबर तिसरा होता. डेलची मुलगी टाळ्या वाजवत होती.

"पुढच्या गुरुवारी माझ्या गाडीतून चल," तो म्हणाला. "आणि तो ब्रश घरीच ठेव."

लवॉनने पिशवीतून ब्रश काढून त्याच्या हातात दिला. "घरी नको. तुझ्याकडेच ठेव. मला राहवत नाही."