पास्कूअंकलच्या पेटीचा कोपरा

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आज लिहितो.

मी वाशीमकडचा. आठवीत शाळा सोडली, काम शोधत भाईंदरला आलो. उत्तनच्या पास्कूअंकलनी मला सुतारकाम शिकवलं. होड्या दुरुस्त करता करता म्हातारा झालेला माणूस. चार वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो. आज माझं जे काही आहे ते त्यांच्यामुळे. हे आधी सांगतोय, म्हणजे पुढचं किती वाईट ते कळेल.

त्यांची हत्यारांची पेटी सागवानी, लग्नाच्या वर्षी स्वतः केलेली. एक खिळा नाही. कोपऱ्यावर नुसती तिरपी रेघ. आत फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले असणार, नाहीतर टिकणार कशी? पण दिसत काहीच नाही. किती दात असतील? लपवले कसे? मला दुसरं काही सुचायचं नाही.

मी माझी पेटी करायला घेतली तेव्हा म्हटलं, अंकल, तसला कोपरा दाखवा ना. ते हसले. "आदी दिसतान ते दात नीट काप. न दिसनारे मंग."

मिस्त्री लोकांत रीत आहे — दुसऱ्याच्या पेटीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तीही त्यांनीच शिकवलेली.

एका रविवारी सगळे चर्चला गेले. मी कोपऱ्यावर गरम पाण्याचं फडकं धरलं. जुना सरस — लाकूड चिकटवतात तो — मऊ झाला. ठोकळा लावून हलकेच ठोकलं — सांधा उघडला. आत पाच दात, केस जाणार नाही इतके नेमके. मी वहीत मापं उतरवली. भीती वाटली का? नाही. खरं सांगायचं तर फार आनंद झाला.

मग ते परत यायची वेळ झाली. सरस उकळू द्यायचा नसतो, त्याची पकड जाते. घाईत माझा उकळला. तोच लावला, कोपरा बंद केला. रेघ होती तशी.

पंधरा दिवसांनी अंकलनी पेटी उचलली आणि कोपरा फाकला. आतल्या पटाश्या अंगणात पडल्या. त्यांनी सुटलेल्या दातांवरून अंगठा फिरवला. माझ्यावर संशय? तो त्यांच्या मनातही आला नाही.

"कापतानाच कायतरी चुकला आसल माजा," ते म्हणाले. "आनि मी जल्मभर दुसऱ्यांच्या चुका काडल्या."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बोलायला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, "अंकल, दमट हवा आहे."

त्यानंतर त्यांनी काम सोडलं. हत्यारं मला दिली — "तुजे पेटीन ठेव, तुजा सांधा धरल." मी घेतली. माझा सांधा धरून आहे. त्यांच्याच मापांनी कापलाय ना. माझ्या गाळ्यात येणारे लोक कौतुक करतात, कुणाकडे शिकलास विचारतात.

नाताळला मी उत्तनला जातो. अंकल पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "माजा सांधा सुटला, या पोराचा न्हाय सुटनार." सगळे हसतात. मीही हसतो.

तो सांधा मी आतून बघितलाय. त्यात कुठेही चूक नव्हती.