आमच्या जुन्या सेडानचे नवे टायर

मित्रांनो, आज सकाळी माझ्या बारा वर्षांच्या लाडक्या सेडानला टायर घ्यायला सांगलीला गेलो. पिकअप अजून लय भारी आहे तिचा. रविवारी हायवेला पळवतो, बाकी दिवस ती आष्ट्यात दारात झाकून असते. निदान माझा तसा समज होता.

वेगाला साजेसे रुंद, बुटके टायर मी ठरवूनच गेलो होतो. दुकानातल्या मामांनी जुन्या टायरच्या खाचेतून उसाचं पाचट काढलं.

"ही गाडी रोज रानात जाती की," मामा म्हणाले.

मी सोबत आलेल्या वडिलांकडे बघितलं. अण्णा हातातल्या चहाकडे बघत होते.

"तुझ्या आईला गुडघ्यामुळं मोटरसायकलवर बसवत न्हाई," ते म्हणाले. "आन रान बघितल्याबिगर तिला घास जात न्हाई. तू कामाला गेलास की नेतो. परत नीट झाकून ठेवतो."

मग मी जाड, उंच टायर घेतले.

"पहिल्यासारखी पळायची न्हाई आता," मामा म्हणाले.

"नसू दे. आत धक्का बसायला नको."

घरी आईनं टायर बघितले आणि साळसूदपणे म्हणाली, "कशाला बदललेस रं? गाडी तर दारातच असती."

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?