सूर्यभानला सगळं ठाऊक असायचं

सूर्यभान गेल्याचं कळलं ते कचेरीत, दुपारच्या गडबडीत. फोनवर त्याचा मुलगा गजानन होता. "काका, बाबा गेले सकाळी. तुम्ही या," एवढंच म्हणाला. मी नागपूरच्या बर्डीवरून कामठीची बस पकडली, खिडकीशी बसलो आणि तेव्हा ध्यानात आलं, की इतकी वर्षं ही बस मी मुख्यतः केस कापून घ्यायलाच पकडत आलो. नागपुरात न्हाव्यांची काय वाण होती? पण सूर्यभानच्या हाताखाली मान दिली नाही, तर महिनाभर मला आपलं डोकं दुसऱ्याचं वाटायचं.

आम्ही दोघं कामठीचे, एका बाकावरचे. मी शिकून नागपूरच्या एका दैनिकात चिकटलो. त्यानं सातवीनंतर बापाचा वस्तरा उचलला. छावणीच्या फाटकासमोर त्याचं दुकान. दोन खुर्च्या, एक बाक आणि पारा उडालेला आरसा. सकाळी तो पास दाखवून आत बराकीत जायचा, जवानांच्या दाढ्या करायचा; दुपारपासून दुकानात. कोणती तुकडी आली, कुणाला मुलगा झाला, कुण्या सुभेदाराचं साहेबाशी वाजलं, सगळं त्याला ठाऊक असायचं. बाहेर मात्र चकार शब्द नाही. मी पेपरवाला, म्हणून माझ्यापाशी तर अधिकच जपून. "तुले सांगितलं का साऱ्या गावाले सांगितलं, प्रभ्या," म्हणायचा आणि माझी मान जरा जोरानंच वाकवायचा.

पासष्टच्या लढाईत त्याच्या बाकावर रोज वाद रंगायचे. पाकिस्ताननं अमेरिकेच्या लष्करी करारात शिरून रणगाडे मिळवले, आता काश्मीरसाठी तेच आपल्यावर घातले, असं एक जण तावातावानं सांगायचा. दुसरा रशियाला मध्ये आणायचा. सूर्यभान कात्री चालवत ऐकून घ्यायचा. लढाई थांबल्यावर एकदा चहा पिता पिता खुशीत आला आणि त्यानं मला धंद्यातली एक गंमत सांगितली. "सुट्टीवर जाणारा जवान मिशी कोरून मागते, पावडर लावून मागते. अन् सीमेवर जाणारा म्हणते, एकदम छोटे कर दो भैया. पुढं दोन महिने न्हावी कोठी भेटते त्याले? मले डोक्यावरूनच समजते गा." ही गंमत मी विसरलो असतो तर फार बरं झालं असतं.

एकाहत्तर साल आलं. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येत होते. लढाई आज होते की उद्या, अशी हवा होती. एका रविवारी कामठीच्या बाजारात जिकडेतिकडे भादरलेली डोकी दिसली. पुढच्या रविवारी गेलो तर दुकान रिकामं, तारेवरचे टॉवेल कोरडे. मी सूर्यभानला काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. कचेरीत येऊन मी झोकात एक स्फुट लिहून दिलं. कामठीच्या न्हाव्याला काम उरलेलं नाही, जवानांनी केस अगदी बारीक करून घेतले होते, आता काय ते वाचकांनी समजावं. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी पाठ थोपटली.

छावणीत मात्र सूर्यभानला बोलावणं आलं. हे लिहिणारा कोण, असं साहेबानं विचारलं. यानं माझं नाव सांगितलं नाही. साहेबानं त्याचा पास काढून घेतला. कळताच मी धावत गेलो. म्हणालो, मी साहेबाला भेटतो, तू काही बोलला नव्हतास हे सांगतो. तो वस्तरा पट्ट्यावर घासत होता. "पासचं जाऊ दे गा, पोटाले दुकान आहे. पण त्या पोराईचं जाणं तुह्या पेपरात छापून आलं. त्यातलं एखादं परत नाही आलं, तर मी कोणाले तोंड दाखवू?"

डिसेंबरात लढाई पेटली. सूर्यभान रोज संध्याकाळी दुकान बंद करून बसनं नागपूरला यायचा आणि आमच्या कचेरीच्या जिन्यापाशी उभा राहायचा. वर कधी आला नाही. "आपल्या पलटणीचं काही आलं का?" एवढंच विचारायचा. पलटण पूर्वेला लढत होती. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडं निघाल्याची बातमी आली, तेव्हा ती मीच खाली उतरून त्याला सांगितली. तो जिन्याच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "एवढ्या मोठ्या जहाजाले आपले पोरं काय दिसते गा…" आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तो परतीची बस पकडायला गेला.

लढाई आपण जिंकली. पलटण परतली त्या दिवशी तो फाटकाबाहेर उभा राहून एकेक चेहरा पाहत होता. मी शेजारी होतो. रामसनेही नावाचा एक बिहारी नाईक, दर खेपेला कानामागचे केस राहिले म्हणून भांडणारा, तो आला नाही. माझ्या चार ओळींमुळं त्याचा जीव गेला नाही, हे मला कळतं. सूर्यभानलाही कळत असणार. पण आम्ही ते एकमेकांना कधी म्हणून दाखवलं नाही…

दोनेक वर्षांनी पास परत मिळाला. माझे केस तो कापत राहिला, चेष्टाही करत राहिला. टक्कल पडू लागल्यावर "तुहं वावर पडीत पडून राहिलं" म्हणायचा. फक्त दुकानात जवान आला, की मला म्हणायचा, "जा गा, चहा पिऊन ये." मी निमूट जायचो. पंधरा वर्षं मी असा चहा प्यालो. राग यायचा अधूनमधून, पण बोलायला तोंड नव्हतं.

परवा गजाननकडून केस कापून आलो. हात बापाचाच आहे. बाकावर जवान दाटीवाटीनं बसले होते. या हिवाळ्यात सीमेकडं गेलेली पलटण सुखरूप परतली आहे. म्हणून आता शेवटच्या भेटीचं लिहायला हरकत नाही.

सूर्यभान अंथरुणाला खिळला होता. मी उशाशी बसलो, तेव्हा गजाननला त्यानं खुणेनं बाहेर पाठवलं. माझी मान हातानं जवळ ओढली आणि म्हणाला, "पलटण जाऊन राहिली. गुरुवारी." गाडी कुठं लागणार, तेही सांगितलं. कोणाला सांगू नको, असं मात्र म्हणाला नाही. मला रडू आवरेना. तो डोळे मिटून पडून राहिला.

कचेरीत परतलो, तर संपादकांनी सवयीनं विचारलं, "कामठीकडचं काही?"

मी म्हटलं, "नाही. मित्र आजारी आहे."