वीस डॉलरच्या फेऱ्या

माझे शुद्धलेखन चुकते, त्याची आधी माफी मागते. अक्षरही कुत्र्याचे पाय मांजराला, असे आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागते, कारण ती सवयच आहे. इथे अमेरिकेत, अर्विंग गावातल्या दुकानात मला कुणाचा धक्का लागला तरी सॉरी मीच म्हणते.

आमच्या पार्किंगच्या पलीकडे एक मावशी लेक-जावयाकडे राहतात. शेजारचे बाळ सांभाळतात. चर्चच्या मराठी उपासनेत आमची ओळख झाली. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, त्या मिटत नाहीत, म्हणून जमले. मी त्यांना डबा द्यायची. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणून त्या धुतलेल्या डब्यात लिंबू नाहीतर मूठभर शेंगदाणे घालून आणत आणि दारातच सुनावत, "ताई, आमटीत मीठ जास्त. माणसं आहोत आम्ही, मासे नाही."

गेल्या वर्षी त्यांची दाढ सुजली. ती काढायला दोनशे डॉलर लागणार होते.

"जावयाकडे दाढेचे पैसे कसे मागू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही उसने द्या."

मी चपात्या विकून साठवलेल्यातले दिले. दान गुपचूप करावे हे मला संडे स्कूलपासून ठाऊक. मी गुपचूपच केले. फक्त सुनेला सांगितले. आणि मुलाला.

पुढचा डबा परत आला तर आत लिंबाऐवजी वीस डॉलरची नोट. मला भरून आले. बिचारी! मी ती नोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या डब्यात चपात्यांखाली ठेवली. ती परत आली. मी पुन्हा पाठवली. त्या नोटेने पार्किंगच्या जितक्या फेऱ्या मारल्या, तितक्या डॉक्टरने बजावूनही मी कधी मारल्या नाहीत. दर फेरीला वाटे, स्वर्गात माझी खुर्ची थोडी पुढे सरकली.

याच सुमारास मावशी माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवीनाशा झाल्या. "छान होतं," एवढेच म्हणत. मला वाटले, हाताला चव आली. मग डबा दाराच्या मुठीला लटकवलेला सापडू लागला. उपासनेतही त्या लांबच्या रांगेत जाऊन बसल्या. मला वाटले, दाढेची जागा दुखत असेल. मी मऊ खिचडी पाठवली. खाली नोट.

खिचडी तशीच परत आली. या वेळी सोबत मावशीही.

"ताई, दाढ कुणाची होती?"

"तुमची."

"मग पैसे कुणी द्यायचे?"

मी दाराला चिकटले.

"मी उसने मागितले होते. दानच घ्यायचं तर जावई काय वाईट होता? तुमच्याकडे ताठ मानेनं मागता येईल वाटलं, म्हणून आले. आता तुमचा डबा उघडायची भीती वाटते मला."

मी सॉरी म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी.

पाळकसाहेब सांगतात, समोरच्या माणसात देवाची प्रतिमा पाहा. मी इतके दिवस डब्याच्या चकचकीत झाकणात स्वतःचेच तोंड पाहत होते, आणि ते मला फार दयाळू दिसत होते.

त्या दिवशी मी नोट ठेवून घेतली. पुढे बाळाच्या आईने पैसे दिले की मावशी एक नोट आणत आणि मी घेई. घेणे जड जाई. देणे मला सोपे जाते. तेव्हा निदान समोरच्याकडे पाहावे लागत नाही.

काल शेवटची नोट आली.

"मोजा," मावशी म्हणाल्या.

एका नोटेत काय मोजायचे? तरी मी बोटाला थुंकी लावून मोजली. "फिटले, मावशी. दोनशे पुरे झाले."

त्या चपला काढून आत आल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"आता सांगते," त्या म्हणाल्या. "वर्षभर आमटीत मीठ जास्तच होतं."