एक जूनवाल्या बायका

"तुमच्या आया काय ठरवून बाळंत होत होत्या का गं?"

साहेबांनी हे विचारलं तेव्हा केबिनमध्ये हिशेबनीस होते, दोन क्लार्क होते, मी होते. आणि चहा घेऊन आलेली शेवंताक्का. पडद्यावर निवृत्तीची यादी उघडी होती. सफाईच्या बायका, शिपाई, माळी. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीनं एक जून. एक जून. एक जून. साहेब बोट खाली नेत होते आणि हसत होते. मग सगळे हसले. अक्का पण हसली. साहेब हसत असताना ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईनं दुसरं काय करायचं?

मी हसले नाही. माझीही जन्मतारीख एक जूनच आहे.

मी येळ्ळूरची. आई सांगते, मी भात कापणीत झाले. पेंढ्या बांधता बांधता तिला कळा आल्या. म्हणजे दिवाळीच्या पुढंमागं कधीतरी. शाळेत घालायला आई मला घेऊन गेली तेव्हा हेडमास्तरांनी मान वर न करता एक जून लिहिलं. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बरोबर बसतं, काम संपलं. आई कापणीचं सांगायला लागली होती. तिला म्हणाले, "पुढं सरका." आमच्या पाठीमागं दवाखानेवाल्यांची पोरगी होती. तिची तारीख विचारून घेतली. वेळसुद्धा विचारली.

आता मी बेळगावात एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. आहे म्हणते अजून. सगळ्या नोकरदारांची माहिती सॉफ्टवेअरमध्ये असते. ती दरवर्षी मी एक्सेलमध्ये उतरवून घेते आणि पुढच्या वर्षी कोण निवृत्त होणार त्याची यादी करते. अठ्ठावन्न वर्षं भरली की त्या महिनाअखेर घरी. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीला. यंदा माझ्या टेबलावर नवा संगणक आला. त्यावर यादी काढली, पत्रं छापली, सहीसाठी गठ्ठा लावून ठेवला.

त्या दिवशी चहाचे कप गोळा करताना अक्का माझ्या टेबलाशी थांबली. हळूच म्हणाली, "पोरी, मागल्या साली तूच म्हणालतीस मे महिना म्हणून. आता क्लार्क म्हणत्यात जानेवारी. कसं गं?"

अक्का जांबोटीची. संस्थेच्या वसतिगृहामागं तिला एक खोली दिली आहे. नोकरी आहे तोवर खोली. त्या खोलीत तिची नात राहते. बाप गेलेली पोर, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला. परीक्षा मार्चमध्ये. जानेवारीत अक्का निवृत्त म्हणजे खोली रिकामी, आणि पोरगी जांबोटीला. तिथून सकाळची बस चुकली की कॉलेजचा दिवस गेला. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती पोरगी बसची वाट बघत रस्त्यावर उभी राहणार.

मी यादी परत उघडली. सॉफ्टवेअरमध्ये तारीख बरोबर होती. एक्सेलमध्येही एक, सहा असंच दिसत होतं. डोळ्याला काही चूक नाही. तरी पुढच्या रकान्यात निवृत्ती जानेवारीत. गणिताचं सूत्र तपासलं, तेही बरोबर. डोकं फिरायची पाळी आली. मग लक्षात आलं, काही तारखा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटल्या आहेत, काही डाव्या. डावीकडच्या कुणाच्या? प्राध्यापकांच्या, सुपरिंटेंडंटच्या. तेवीस ऑगस्ट, सतरा नोव्हेंबर असल्या. त्यांच्या पुढं निवृत्तीच्या जागी एरर आला होता, म्हणून साहेबांनीच मला एकेकाची फाईल काढून तारीख हातानं भरायला लावली होती.

नव्या संगणकात तारीख वाचायची रीत अमेरिकेची होती. आधी महिना, मग दिवस. एक जूनला त्यानं सहा जानेवारी समजलं. तेविसावा महिना कुठं नसतो, म्हणून तिथं त्यानं हात टेकले, तारीख नुसती अक्षरं समजून डावीकडं ठेवली आणि एरर दाखवला. आमच्या तारखेला त्यानं गुपचूप दुसरा महिना लावला आणि उत्तर देऊन टाकलं.

मला आधी घाम फुटला. मग राग आला. ज्यांच्या तारखांनी बोंब मारली त्यांच्या फायली उघडल्या गेल्या. आमच्या तारखा आमच्यासारख्याच निघाल्या. कुठंही बसवा, बसतात. कुणी बघत नाही.

मी माहिती परत उतरवून घेतली. या वेळी एक्सेलला आधीच सांगितलं की या रकान्यात पहिला दिवस आहे, मग महिना. अक्कापुढं मे आला. सगळ्या बायकांपुढं मे आला. नवी यादी घेऊन मी केबिनमध्ये गेले.

साहेब मूर्ख नाहीत. एका मिनिटात त्यांना कळलं. मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मला वाटलं, संपलं.

मग ते म्हणाले, "पण पत्रं तयार आहेत ना? राहू दे. तसंही या तारखा खऱ्या कुठं आहेत? चार महिने इकडे काय नि तिकडे काय."

नवी यादी पुसून टाक म्हणाले. जुन्या यादीवर 'तपासले' असं लिहून सही कर म्हणाले. मी उभीच राहिले तेव्हा खुर्चीत मागं रेलले. "तुझी पण एक जूनच ना गं? जपून."

कचेरीत मी गावची बोली कधी काढत नाही. इतकी वर्षं जीभ आवरून बोलले. त्या दिवशी आवरली नाही.

"व्हय. एक जूनच हाय. तुमच्यासारख्याच खुर्चीत बसलेल्या माणसानं लिवलीय ती. त्यानं माझ्या आईला बोलू दिलं न्हाय. आता तुम्ही तीच तारीख खोटी म्हणून आमाला घालवताय. माझी सही मिळणार न्हाय."

सही मिळाली त्यांना, दुसऱ्या कुणाची तरी. पत्रं वाटली गेली. मला संगणकावरून उठवून ग्रंथालयाच्या कोठीत पुस्तकांना लेबलं चिकटवायला बसवलं. अक्का तिथं येऊन रडली. म्हणाली, "माझ्यापायी तुझं पण जाईल. सोड गं." मला अक्काचाही राग आला. अक्काला असं बोलायला ज्यांनी शिकवलं त्यांचा त्याहून जास्त आला.

मी वसतिगृहामागच्या नळावर सगळ्या बायकांना गोळा केलं. उजवी कड, डावी कड, सगळं फोडून सांगितलं. मग सगळ्यांनी अर्जावर सह्या केल्या, अंगठे लावले. अर्ज कामगार खात्याच्या कचेरीत दिला. मी साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. अजून सुनावणीची तारीख मिळालेली नाही. मिळेल की नाही, ठाऊक नाही. साहेबांनी निरोप धाडलाय की माफी माग, टेबल परत देतो.

माफी कशाची? संगणक एकदा चुकला. त्याला काही कळत नव्हतं. साहेबांना सगळं कळलं होतं, आणि कळल्यावर त्यांनी ते केलं. याला चूक म्हणत नाहीत. कुठल्याही कचेरीत, कुणाच्याही समोर मी हेच सांगणार.

आज जानेवारी संपतोय. आज खोली रिकामी करायची नोटीस आहे. पोरगी आत अभ्यासाला बसली आहे. अक्का तिच्याजवळ आहे. मी दारात, उंबऱ्यावर बसले आहे. कुलूप घेऊन जो येईल त्याला आधी मला इथून उठवावं लागेल. मी उठणार नाही.