पायगतीला बसणारी

ताईने त्या बाईला पहिल्यांदा पाहिलं ते वॉर्डातल्या बेसिनपाशी. बाई गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभी होती. साबण नाही, चोळणं नाही, नुसतीच उभी. मग तिने हात पुसले, स्वतःच्या गालाला लावून पाहिले, मान हलवली आणि पुन्हा नळाखाली धरले. ठेंगणी, पन्नाशी उलटलेली, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. हात मात्र अंगाच्या मानाने मोठे.

"कोण हो ही?" ताईने शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबुवांच्या सुनेला विचारलं.

"ती होय? तेलवाली." सूनबाईंनी आवाज खाली आणला. "पाय चोळून देते. दवाखान्याचीच आहे. पण तुम्ही आपलं लांबच ठेवा तिला. ज्याच्या पायगतीला ती बसते ना, त्याची खाट आठवड्यात रिकामी होते."

"काहीतरीच तुमचं!"

"दोन नंबर गेले, पाच नंबर गेले. मी काय मनाचं सांगते?"

ताईने ते हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून तिचा डोळा बाईच्या स्टुलावर राहिला. स्टूल आज तीन नंबरला, उद्या चार नंबरला. ताईचा धाकटा भाऊ सात नंबरला होता.

भाऊ शिंपी. बावन्न वर्षांचा झाला तरी ताई त्याला छोट्याच म्हणायची. पोटातली गाठ काढता येण्याजोगी राहिली नव्हती. या वॉर्डात हलवताना डॉक्टर म्हणाले होते, "आता आजार हटवायचा नाही, दुखणं हटवायचं." त्यातला दुसरा भाग ताईने घट्ट धरून ठेवला होता. पहिला ती मनात येऊच देत नव्हती.

छोट्याचे दोन्ही पाय सुजून खांबासारखे झाले होते. तो म्हणे, "ताई, या पायांना पँट शिवायची तर दीडपट कापड लागेल. गिऱ्हाईक म्हणून मी मला परवडणार नाही." आणि मग, जरा थांबून, "त्या बाईंना पाठव ना माझ्याकडे. पाय शिशाचे झालेत गं."

"तुला काय झालंय चोळून घ्यायला? गप पड."

चार नंबर गुरुवारी गेले. ताईने त्या खाटेची चादर बदलताना पाहिली. शुक्रवारी सकाळी स्टूल सात नंबरपाशी आलं.

"दादा झोपलेत होय? झोपू देत." बाई हलकेच म्हणाली. "सिस्टरनी सांगितलं, आजपासून यांच्याकडे बघ." तिने दोन्ही हात उपडे केले. चोळण्याआधी ती हातांच्या पाठी पोटऱ्यांना लावायची, कुठला पाय जास्त गरम आहे का ते बघायला. पायात रक्ताची गुठळी असली तर चोळायचं नाही, हा तिचा पहिला नियम. प्रत्येक खाटेशी ती आधी विचारायची, पायात गुठळी आहे का? ताईने तो प्रश्न इतक्यांदा ऐकला होता, की उत्तर आपसूक तोंडातून निसटलं.

"हात लावू नका! गुठळी आहे त्याच्या पायात."

चटका बसावा तसे बाईने हात मागे घेतले. "कोण म्हणालं?"

"आधीच्या दवाखान्यात. सांगायचं राहूनच गेलं."

बाई तशीच उठून गेली. ताईला सुटल्यासारखं वाटलं. तिने छोट्याचं पांघरूण सारखं केलं, खिडकीशी जाऊन दोन श्वास घेतले. टळलं, तिला वाटलं.

पाव तासाने सिस्टर आली, मागोमाग तरुण डॉक्टर. त्याने पोटऱ्या दाबून पाहिल्या. दोन्ही सारख्याच सुजलेल्या. बघून काय कळणार? "सोनोग्राफी दुपारशिवाय होणार नाही," तो म्हणाला. "तोवर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देऊन ठेवू. पोटातून रक्त जाण्याची भीती आहे, नाही असं नाही. पण गुठळी फुप्फुसात गेली तर वेळच मिळायचा नाही."

पंधरा दिवसांपूर्वी छोट्याला रक्ताची उलटी झाली होती. रक्ताने लाल झालेला टॉवेल ताईनेच धुतला होता. सिस्टरने सुई वर धरून बुडबुडा काढला, छोट्याचा सदरा पोटावरून सरकवला. ताईने सिस्टरचं मनगटच धरलं.

"अहो, काय करताय?" सिस्टर ओरडली.

"गुठळी नाही. कधीच नव्हती. मी खोटं बोलले."

डॉक्टर काय काय बोलला ते ताईला नीट ऐकूही आलं नाही. बाई दारापाशी उभी होती, तिने मात्र सगळं ऐकलं. ती ताईला बाहेरच्या बाकावर घेऊन गेली.

"खाट रिकामी होते, तेच ना?" तिने विचारलं. "माझ्याही कानावर आहे ते. मला बोलावतातच उशिरा हो. गोळ्यांनी भागेनासं झालं की सिस्टर म्हणतात, जा, तुझं काय चालतंय बघ. मी जाते म्हणून कुणी जात नाही. आणि मी जाऊनही कुणी थांबत नाही, हेही खरंच."

ताई रडू लागली. बाई तिच्याकडे न बघता सांगत राहिली. बावीस वर्षं ती याच दवाखान्याच्या धुलाईघरात होती. तिचे यजमान शेवटच्या आजारात याच मजल्यावर दाखल होते. "पाय दाब म्हणाले, मी दाबले नाहीत. वाटलं, माझ्या हाताने काही झालं तर? दारातूनच बघायची मी. ते गेले आणि मी इथल्या व्यायामाच्या बाईंकडे पाय चोळायला शिकायला गेले. आमचे मुकादम हसले, चादरी पिळणारी आता माणसं पिळणार म्हणाले."

ताईला हसू आलं नाही, पण रडू थांबलं. "मला अजून भीती वाटते," ती म्हणाली.

"वाटू दे. आत चला, शेजारी बसा आणि माझ्याकडे बघत राहा."

बाईने पाय मांडीवर घेतला तेव्हा छोट्याने डोळे उघडले. "आलात? ताईने वशिला लावला वाटतं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने न कण्हता झोपला. ताई त्याचे श्वास मोजत बसली. दुसऱ्या दिवशीही मोजत बसली. आठवडा गेला, तरी तिचं मोजणं थांबलं नाही. फक्त तेवढ्या दिवसांत बाईने तिला दाब किती द्यायचा ते शिकवलं.

छोट्या त्यानंतर एकोणीस दिवस होता. गेला त्या दुपारी बाईची सुट्टी होती. पाय ताईच्या हातात होते.

बाई अजून त्याच वॉर्डात आहे. नव्या खाटेपाशी गेली की पहिल्या दिवशी ती आजाऱ्याला हात लावत नाही. नातेवाइकाशेजारी बसते आणि त्याला कशाची भीती वाटते ते विचारते.